उन्हाळा, पाणी आणि औषधाचे तंतू

वैशाखात पारा चाळिशी सहज ओलांडणाऱ्या नांदेड-लातूरकडच्या माणसाला, उष्णतेला प्रतिसाद देणाऱ्या सूक्ष्म तंतूंतून औषध बेताबेताने सोडण्याची विद्या निघाली आहे असे सांगितले, तर आपल्या उन्हात हे औषध पाकिटातच पाझरून जाणार नाही काय, अशी शंका तो पहिल्या झटक्याला विचारील. शंका रास्त आहे. तिच्या मुळाशी असलेली समजूत मात्र चुकीची आहे, आणि ती का चुकीची हे पाहू गेल्यास विषयाचे निम्मे मर्म हाती येते.

या कामी ज्याचा दाखला हटकून दिला जातो तो पॉलिमर म्हणजे पॉली-एन-आयसोप्रोपिल-ॲक्रिलअमाइड, संक्षेपाने पीनिपॅम. हेस्किन्स आणि गिलेट यांनी 1968 साली त्याच्या जलीय द्रावणाचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हापासून सुमारे 32 अंश सेल्सियस हा आकडा त्याच्या नावाला चिकटला आहे. त्या तापमानाखाली त्याच्या साखळ्या पाण्याला धरून ऐसपैस पसरलेल्या असतात. तो उंबरठा ओलांडताच धरलेले पाणी सुटते, साखळ्या आक्रसून परस्परांना बिलगतात आणि नितळ द्रावण पांढुरके होते. पॉलिमर मेणासारखा वितळतो, ही समजूत म्हणून सर्वस्वी उलटी आहे: तो तापल्यावर आकसतो आणि निवल्यावर पुन्हा फुलतो. शिवाय हा सारा व्यवहार पाण्याच्या साक्षीने चालतो. पाणीच नसेल तर तो उंबरठाही नाही. सबब कोरड्या पाकिटातील कोरडा तंतू लातूरच्या मे महिन्यातही हा खेळ करीत नाही. उष्म्याने त्यातील औषधाचा गुण उणावू शकेल, पण ती भीती कोणत्याही साध्या गोळीलाही आहेच.

उष्णता वाढली की औषध अधिक सुटते, हाही सरसकट नियम नव्हे. आकसणारा तंतू पाण्याबरोबर औषधही बाहेर पिळून टाकू शकतो; पण काही रचनांत तेच आकसणे औषधाची वाट अडवून धरते. दुसरी अडचण अशी की शरीराचे तापमान 37 अंश, म्हणजे निव्वळ पीनिपॅमचा तंतू शरीरात ठेवला तर तो प्रथमपासूनच आकसलेला राहणार आणि त्याला जागे करावयास काही उरणार नाही. म्हणून पाण्याची ओढ असलेला दुसरा घटक साखळीत गुंफून तो उंबरठा वर सरकवण्याची तजवीज करावी लागते. जपानच्या त्सुकुबा येथील राष्ट्रीय पदार्थविज्ञान संस्थेत एबारा आणि सहकाऱ्यांनी 2013 साली प्रसिद्ध केलेल्या कामात अशाच तंतूंत चुंबकीय सूक्ष्मकण आणि डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरील औषध भरले होते. बाहेरून बदलते चुंबकीय क्षेत्र लावताच कण तापत, तंतू आकसत आणि औषध सुटे. पाच मिनिटांच्या प्रयोगात मेलेनोमाच्या सुमारे 70 टक्के पेशी मेल्या. पण त्या पेशी बशीत वाढवलेल्या होत्या, रुग्णाच्या देहातील नव्हत्या, एवढा भेद विसरला की बातमीची अफवा होते.

‘नॅनो’ म्हणजे रक्तात शिरून कोठेही भटकणारा कण, ही भीतीही येथे फारशी लागू नाही. नॅनो आहे ती जाडी, तीही सहसा काही शे नॅनोमीटर. कपाशीचा तंतू पंधरा-वीस मायक्रॉन जाड धरला, तर त्याच्या तीस-चाळिसाव्या हिश्शाइतकी. लांबी मात्र पुष्कळ. इलेक्ट्रोस्पिनिंगमध्ये दहा ते तीस हजार व्होल्टच्या ताणाने सुईच्या टोकावरील थेंबातून हा तंतू खेचला जातो आणि पांढऱ्या पातळ कापडासारखा थर जमतो, तो चिमटीत धरता येतो. या पद्धतीचे फॉर्महाल्स यांचे पेटंट 1934 चे आहे, तेव्हा कल्पनेला नवी म्हणण्याचेही कारण नाही. खरी काळजी निराळी आहे: साखळ्या आडव्या बंधांनी बांधल्या नाहीत तर हा थर थंड पाण्यात चक्क विरघळतो, पीनिपॅमचा कार्बनी कणा शरीरात सहजी तुटत नाही, आणि तयार करताना मागे उरलेला मूळ घटक विषारी असल्याने तो काढून टाकण्याचा बंदोबस्त कसोशीने करावा लागतो.

हे ज्ञान सातासमुद्रापलीकडचे, असे मानणाऱ्यांनी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेकडे पाहावे; मशेलकर, लेले, बडिगेर आदी संशोधकांनी 1990 च्या दशकात याच पॉलिमरच्या जेलचे फुगणे-आकसणे गणिताने मांडले होते. दवाखान्यात पोचलेला तापमानसंवेदी नमुना मात्र तंतूंचा नव्हे, जेलचा आहे: थंड असताना पातळ व शरीरात घट्ट होणारे मायटोमायसिनचे जेल मूत्रमार्गाच्या वरच्या भागातील एका कर्करोगासाठी अमेरिकेत 2020 साली मंजूर झाले. तंतूंची मजल तूर्त मुख्यत्वे प्रयोगशाळेपर्यंतच आहे.

तो 32 चा आकडा तरी अढळ आहे काय? नांदेडच्या विद्यापीठातील किंवा लातूरच्या एखाद्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला याचा पडताळा घेण्यास विशेष खर्च नाही. पीनिपॅमचे पातळ द्रावण पाण्याच्या उष्णकात सावकाश तापवावे, ते गढूळ होते तो अंश टिपावा, मग त्यात थोडे मीठ विरघळवून तोच प्रयोग पुन्हा करावा: या खेपेस गढूळपणा आधीच्याच अंशावर न येता त्याच्या खालीच येतो. रक्तात आणि ऊतींतील द्रवांत क्षार असतातच, म्हणून शुद्ध पाण्यात मोजलेला आकडा रुग्णाच्या देहासाठी जसाच्या तसा धरता येत नाही.