जुन्या मोटारींच्या संगणकांतील अनोळखी चिप

१९८० नंतरच्या दशकातील मोटारींत इंधनाचे प्रमाण व ठिणगीची वेळ ठरविणाऱ्या संगणकाच्या सर्किट बोर्डावर अशा कित्येक चिप आढळतात, की ज्यांवर निर्मात्याचा नव्हे, तर ग्राहक-कंपनीने नेमून दिलेला क्रमांक असतो. तो सर्वसाधारण सूचींत सापडत नाही. ८७२३ सारखा आकडा तर बहुधा निर्मितीचा काळ, म्हणजे १९८७ मधील २३ वा आठवडा, दर्शवितो. त्यास चिपचा प्रकार समजणे चूक होय.

अशा वेळी चिपची ओळख जोडणीवरून पटवावी लागते. शेजारी २७सी२५६ ही परिचित स्मृति-चिप असल्यास तिच्या २८ पिनांचे कार्य ज्ञात असते : १४ वी भूमीची, २८ वी विद्युत्पुरवठ्याची, ८ माहितीच्या व १५ पत्त्याच्या. पुरवठा बंद ठेवून तांब्याच्या त्या रेषांचा माग घेतल्यास प्रोसेसर कोणत्या कुळातील आहे, याचे अनुमान करता येते.

तथापि या रीतीलाही मर्यादा आहे. फोर्डच्या ईईसी-४ या संगणकातील ८०६१ हा प्रोसेसर इंटेलने खास फोर्डसाठीच रचला होता. असा भाग चुकीच्या अनुमानाने दिलेल्या विद्युद्दाबाखाली जळाल्यास त्याची जागा घेणारा दुसरा सहजी मिळत नाही. आणि चिपमध्येच प्रोग्रॅम साठविलेला असल्यास तोही तिच्याबरोबर नष्ट होतो. म्हणून ओळख आधी, विद्युत्प्रवाह नंतर, हाच क्रम योग्य ठरतो.