चवीपुरते मीठ

स्वयंपाकाच्या पुस्तकात तेल, तिखट आणि मसाल्याची मापे दिलेली असतात. मिठापुढे मात्र बहुधा 'चवीपुरते' एवढाच शब्द आढळतो. मिठाचे प्रमाण ठरविण्याचा सारा अधिकार त्यामुळे जिभेकडे जातो, आणि जिभेला जशी सवय लावावी तशी ती लागते. वजन उतरविण्यासाठी आहारात बदल करणाऱ्यांनी या सवयीचा विचार करणे अगत्याचे आहे. मीठ, शरीरातील पाणी आणि वजनाचा काटा यांचा परस्परसंबंध न उमगल्याने अनेकांची फसगत होते व चांगला चाललेला प्रयत्न मध्येच सुटतो.

छत्रपती संभाजीनगर येथे सिद्धार्थ उद्यानात किंवा विद्यापीठ परिसरात सकाळी फिरावयास येणाऱ्यांपैकी कित्येकांचा हेतू वजन कमी करणे हाच असतो. साखर, भात व तळलेले पदार्थ वर्ज्य केले की पहिल्याच आठवड्यात वजन किलो-दीड किलोने उतरते आणि उत्साह वाढतो. पुढे एखाद्या लग्नाची पंगत किंवा नान-खलियाची मेजवानी होते व दुसऱ्या दिवशी काटा पुन्हा किलोभर वर सरकतो. सारे श्रम वाया गेले, असा समज करून घेऊन मनुष्य पथ्य सोडून देतो. वस्तुतः आधी घटलेल्या आणि नंतर वाढलेल्या या वजनात मोठा भाग पाण्याचा असतो.

काटा वर-खाली का होतो?

रुग्णालयात शिरेवाटे दिल्या जाणाऱ्या नेहमीच्या सलाईनमध्ये १ लिटरला ९ ग्रॅम मीठ असते. शरीरातील द्रवाशी जुळावे, म्हणूनच हे प्रमाण राखलेले आहे. यावरून असे दिसते की, शरीरात ९ ग्रॅम जादा मीठ साठून राहिले तर त्याबरोबर सुमारे १ लिटर पाणी, म्हणजेच जवळजवळ १ किलो वजन राहते. मूत्रपिंडे हे जादा मीठ काही दिवसांत बाहेर टाकतात आणि काटा पूर्ववत होतो. आहार कमी केल्यावर पहिल्या आठवड्यात यकृतातील व स्नायूंतील साठविलेली शर्करा खर्ची पडते. तिच्याबरोबर साठलेले पाणीही निघून जाते.

चरबीचा हिशेब निराळा आहे. १ किलो चरबीमध्ये सुमारे ७,७०० उष्मांक साठविलेले असतात. रोजच्या गरजेपेक्षा ५०० उष्मांक कमी घेतले, तरी तेवढी चरबी जळण्यास साधारण १५ दिवस लागतात. म्हणून वजन रोज न पाहता आठवड्यातून एकदा, ठराविक वारी, सकाळी अनशापोटी करावे आणि महिन्याभरातील उतार लक्षात घ्यावा.

मग मीठ कमी का करावयाचे?

मीठ कमी केल्याने चरबी वितळत नाही. तरीही वजनदार व्यक्तीने ते कमी करणे इष्ट ठरते, याचे प्रमुख कारण रक्तदाब हे होय. वाढलेले वजन रक्तदाब वाढविते आणि जादा मीठही तेच करते. उच्च रक्तदाबाची लक्षणे बहुधा जाणवत नाहीत. पक्षाघात, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार उद्भवल्यावरच कित्येकांना त्याची वार्ता कळते. अमेरिकेत झालेल्या व २००१ साली प्रसिद्ध झालेल्या 'डॅश-सोडियम' या अभ्यासात आहारातील सोडियम जसजसे कमी केले, तसतसा रक्तदाबही उतरल्याचे आढळले.

प्रौढ व्यक्तीने दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ घ्यावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले आहे. हे प्रमाण सपाट चहाच्या चमच्याहून किंचित कमी भरते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या वतीने २०१७-१८ मध्ये झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार मात्र भारतीय प्रौढांचे सरासरी सेवन दिवसाला ८ ग्रॅम होते.

दुसरे कारण खुद्द वजनाशी निगडित आहे. मिठात उष्मांक नसतात. परंतु शेव, फरसाण, भजी, वेफर्स या खारट पदार्थांत तेल भरपूर असते आणि १ ग्रॅम तेलातून ९ उष्मांक मिळतात. खारट खाण्याने लागलेली तहान गोड शीतपेयाने भागविली, तर त्यात साखरेची भर पडते.

ताटातील मीठ

मराठवाड्यात ज्वारी-बाजरीची भाकरी पुष्कळ घरी बिनमिठाची भाजतात. ही पद्धत हितकारक आहे. परंतु भाजीची टंचाई असली की तीच भाकरी ठेचा, लोणचे किंवा पापड यांच्याबरोबर खाल्ली जाते. कष्टकऱ्याच्या घरी मीठ-मिरची हेच कोरड्यास असते. म्हणून केवळ 'मीठ सोडा' असा उपदेश पुरेसा नाही. ताटात भाजी, वरण, ताक यांचे प्रमाण वाढले, तरच लोणच्याची फोड लहान होईल. अंबाडीची भाजी, लिंबू, चिंच, लसूण, जिरे व कोथिंबीर यांच्या चवीमुळे मिठाची उणीव भासत नाही.

पापडखार, खाण्याचा सोडा आणि अजिनोमोटो यांतही सोडियम असते. पाकिटावर सोडियमचा आकडा मिलिग्रॅममध्ये छापलेला असतो. त्याची अडीचपट केली की मिठाचे प्रमाण समजते. सैंधव किंवा काळे मीठ घेतल्याने सोडियम टळत नाही. वापरावयाचे मीठ थोडे असले तरी आयोडीनयुक्तच असावे. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ते डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून वापरू नये.

मीठ अजिबात बंद करणेही योग्य नव्हे. मराठवाड्याच्या कडक उन्हाळ्यात शेतावर किंवा भट्टीजवळ राबणाऱ्यांच्या घामावाटे मीठ जाते. जुलाब होत असताना क्षारसंजीवनी टाळणे तर धोक्याचे आहे.

घरातील मीठ मोजण्याची एक सोपी रीत आहे. चार प्रौढांच्या कुटुंबाला दिवसाला जास्तीत जास्त २० ग्रॅम, या हिशेबाने १ किलोची पिशवी निदान ५० दिवस पुरावयास हवी. बाहेरच्या पदार्थांतील मीठ यात धरलेले नाही. तेव्हा ती आणखी काही दिवस पुरली तर उत्तमच. पिशवीवर ती उघडल्याची तारीख लिहून ठेवावी. ती लवकर संपत असल्यास दर आठवड्याला थोडे थोडे मीठ कमी करावे. काही आठवड्यांत जिभेला नवी चव अंगवळणी पडते आणि पूर्वीची आमटी खारट वाटू लागते.

याच्या जोडीला ३० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाने रक्तदाब वेळोवेळी मोजून घ्यावा. आयुष्मान आरोग्य मंदिरांमध्ये ही तपासणी केली जाते. रक्तदाबाची औषधे चालू असणाऱ्यांनी वजन उतरले किंवा मीठ कमी केले, म्हणून ती आपल्या मनाने थांबवू नयेत. डॉक्टरांना दाखवून त्यांच्या सांगण्याप्रमाणेच त्यांत बदल करावा.