जांभळा रंग म्हणजे जिवंत पेशी?

‘अमुक वनस्पतीच्या अर्काने कर्करोगाच्या पेशी नष्ट’ अशी बातमी वर्षातून दोन-चारदा तरी वाचायला मिळते. अशा बातमीच्या मुळाशी अनेकदा प्लास्टिकची एक प्लेट असते. तळहातावर मावेल एवढी, तिच्यात ९६ खळगे. प्रयोगशाळेत त्यांना वेल म्हणतात. या वेलमध्ये पिवळ्याचं जांभळं होणाऱ्या एका रंगावर सगळा निष्कर्ष उभा असतो. मला या चाचणीबद्दल आदर आहे, म्हणूनच तिच्याभोवतीचे गैरसमज खुपतात.

तिचं नाव एमटीटी. टिम मोसमन यांनी १९८३ मध्ये ती प्रसिद्ध केली. कृती सोपी आहे. वेलमध्ये पेशी वाढवायच्या, त्यांना औषध किंवा अर्क द्यायचा, एक ते तीन दिवस थांबायचं आणि मग एमटीटीचं पिवळं द्रावण घालायचं. ३७ अंश सेल्सिअसला तीन-चार तास ठेवून प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली धरली, की पेशींवर बारीक सुयांसारखे गडद जांभळे स्फटिक उगवलेले दिसतात. हा फॉर्मझान. तो पाण्यात विरघळत नाही, म्हणून वरचं द्रव हलक्या हाताने काढून तो विरघळवणारं डीएमएसओ घालतात. नवशिक्या हाताकडून नेमके इथेच स्फटिक पिपेटमध्ये ओढले जातात आणि रीडिंग विनाकारण कमी येतं. शेवटी ५७० नॅनोमीटरला रंग मोजायचा.

सर्वांत रुजलेला समज असा, की ही चाचणी जिवंत पेशी मोजते. खरं तर ती एक रासायनिक क्रिया मोजते. पेशीतली विकरं एनएडीएच, एनएडीपीएच यांसारख्या रेणूंकडचे इलेक्ट्रॉन एमटीटीला देतात आणि पिवळ्याचं जांभळं होतं. पेशी जिवंत आहे पण मंदावली आहे, तरी रंग कमी पडतो. औषधाने पेशी मारल्या नाहीत, फक्त त्यांचं विभाजन थांबवलं, तरीही कमीच पडतो. हिशेब करून पाहा. दर २४ तासांनी दुप्पट होणाऱ्या १० हजार पेशी ७२ तासांनी ८० हजार होतात. शेजारच्या वेलमध्ये औषधाने विभाजन थांबलं, तर तिथे १० हजारच राहतात. रंग आठव्या हिश्श्यावर येतो आणि आलेखाखाली लिहिलं जातं, ‘८७.५ टक्के पेशी मृत’. प्रत्यक्षात एकही मेलेली नसते! मेलेल्या पेशी पाहायच्या असतील, तर ट्रिपॅन ब्लूसारखी निराळी तपासणी सोबत हवी. ज्यांचं आवरण फाटलंय त्याच पेशी तिच्यात निळ्या होतात. आणि औषध देण्याच्या क्षणी किती पेशी होत्या, हे सांगणारी एक वेगळी प्लेटही हवी.

हा रंग केवळ मायटोकाँड्रियात तयार होतो, असं वाक्य कितीतरी प्रबंधांत जसंच्या तसं उतरलेलं दिसतं. बेरिज आणि टॅन यांनी १९९३ मध्येच दाखवून दिलं, की बरीचशी क्रिया मायटोकाँड्रियाच्या बाहेर होते. तेव्हा एवढ्याशा पुराव्यावर ‘औषधाने मायटोकाँड्रिया बिघडला’ असं लिहू नये.

आपल्याकडच्या संशोधनात मात्र सगळ्यात महागात पडतो तो पुढचा समज: एमटीटीची क्रिया फक्त पेशींशीच होते. एका वेलमध्ये पेशी अजिबात घालू नका. पेशी ज्यात वाढवतात ते नुसतं माध्यम, त्यात थोडं क जीवनसत्त्व आणि एमटीटी. तरी जांभळा रंग येतो. इलेक्ट्रॉन देणारा कोणताही पदार्थ एमटीटीला चालतो. पेशीच हवी, असा त्याचा हट्ट नसतो. आवळा, तुळस, ग्रीन टी यांच्या अर्कांत नेमके असेच पदार्थ भरलेले असतात, त्यांनाच आपण कौतुकाने अँटीऑक्सिडंट म्हणतो. म्हणजे अर्काने पेशी खरोखर मारल्या, तरी अर्कानेच तयार केलेल्या जांभळ्या रंगामुळे प्लेट ‘सगळं ठीक’ सांगू शकते. विषारी पदार्थ निरुपद्रवी ठरतो, कामाचा पदार्थ निकामी ठरतो, आणि विद्यार्थ्याची दोन वर्षं त्यात जातात.

हळदीतल्या कर्क्युमिनचं उदाहरण तर अभ्यासक्रमात शिकवावं असं आहे. कर्क्युमिन स्वतः पिवळं, प्रकाश शोषणारं आणि चमकणारं, त्यामुळे रंगावर किंवा चमकेवर चालणाऱ्या चाचण्यांत ते ढवळाढवळ करतं. शिवाय ते टिकत नाही. १९९७ च्या एका अभ्यासात ३७ अंशांना, ७.२ पीएचच्या, सीरम नसलेल्या द्रावणात सुमारे ९० टक्के कर्क्युमिन अर्ध्या तासात विघटित झालं होतं. मग ४८ तासांनी दिसलेला परिणाम कर्क्युमिनचा, की त्याच्या तुकड्यांचा? कॅथरिन नेल्सन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’त या सगळ्याचा सविस्तर आढावा घेतला आणि अशा चाचण्यांना चकवणाऱ्या संयुगांत कर्क्युमिनची गणना केली. यात हळदीची निंदा नाही. हळदीबद्दल खरं काही कळायला हवं असेल, तर मोजमाप चोख हवं, एवढंच.

पार्श्वभूमीला असणारं रसायन काही करत नाही, हेही आपण सहज धरून चालतो. पेशींच्या माध्यमाला गुलाबी-लाल रंग देणारं फिनॉल रेड केवळ आम्लता दाखवण्यासाठी घालतात. १९८६ मध्ये लक्षात आलं, की त्या माध्यमात एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर इस्ट्रोजेनसारखा परिणाम होतोय. पुढे कळलं, की दोष रंगातल्या अशुद्धीचा होता. आज संप्रेरकांवर काम करणारे लोक फिनॉल रेड नसलेलं माध्यम मागवतात.

प्रथिनं मोजताना वेगळी फसगत होते. मॅरियन ब्रॅडफर्ड यांच्या १९७६ च्या पद्धतीत तपकिरी रंग निळा होतो आणि यंत्र एक आकडा देतं. तो आकडा म्हणजे प्रथिनाचं खरं वजन, असं आपण मानतो. पण हा रंग मुख्यतः आर्जिनिनसारख्या अमिनो आम्लांना चिकटतो आणि ती सगळ्या प्रथिनांत सारखी नसतात. तुलनेसाठी सर्रास वापरलं जाणारं गाईचं अल्ब्युमिन तेवढ्याच वजनाच्या अँटीबॉडीपेक्षा जवळपास दुप्पट रंग देतं. म्हणजे अल्ब्युमिनच्या आलेखावर मोजलेली अँटीबॉडी अर्धीच भरते. नमुन्यात एसडीएससारखं डिटर्जंट असेल, तर ब्रॅडफर्डचा आकडा आणखी बिघडतो. डिटर्जंट बरंच सहन करणाऱ्या बीसीए पद्धतीकडे वळलात, तर तिथे नमुन्यातलं डीटीटी हे रसायन आडवं येतं. ते प्रथिनाशिवायच त्या पद्धतीतल्या तांब्याचं क्षपण करून जांभळा रंग देतं. एमटीटीच्या वेळी झालेलीच फसगत, फक्त बाटली निराळी.

महागडा किट आणला की कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीच्या वेल, लावायची गरज नाही, हे तर कुणी बोलून दाखवत नाही, पण वागणं तसं असतं. किटला तुमच्या वेलमध्ये काय आहे हे ठाऊक नसतं. बाटलीवरचं नावही चुकू शकतं. एमडीए-एमबी-४३५ या पेशी वर्षानुवर्षं स्तनाच्या कर्करोगाच्या म्हणून वापरल्या गेल्या, त्या निघाल्या मेलॅनोमाच्या, म्हणजे त्वचेच्या कर्करोगाच्या. मायकोप्लाझ्मा हा जिवाणू पेशींत शिरला, तर माध्यम गढूळ होत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकाला तो दिसत नाही, आणि त्याला पेशीभित्तिकाच नसल्याने पेनिसिलिनही लागू पडत नाही. पेशींचं चयापचय मात्र तो बदलून टाकतो. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रासारख्या अधिकृत भांडारातून पेशी घेणं, त्यांची डीएनए ओळख पटवणं आणि मायकोप्लाझ्माची तपासणी नियमित करणं, हा कामाचाच भाग आहे. शेजारच्या प्रयोगशाळेतून मैत्रीखातर आणलेली नळी त्याची जागा घेऊ शकत नाही.

विद्यार्थ्यांना एवढंच सांगणं आहे: पुढच्या वेळी प्लेट लावाल तेव्हा एक उभी ओळ, फक्त आठ वेल, पेशींशिवाय ठेवा आणि त्यात अर्क, माध्यम आणि एमटीटी घाला. आणि वाचकहो, ‘कर्करोगाच्या पेशी नष्ट’ अशी बातमी दिसली, तर त्या पेशी प्लेटमधल्या होत्या, उंदरातल्या की माणसातल्या, हे आधी शोधा. ते बातमीत लिहिलेलं नसेल, तर तिच्या भरवशावर घरातल्या रुग्णाचं चालू औषध बदलू नका.