पत्र कोणी लिहिले?

१३ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या आवारात एका बंदूकधाऱ्याने गोळीबार केला. तीन विद्यार्थी ठार झाले, पाच जखमी झाले. तीन दिवसांनी, दूर नॅशव्हिल येथील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या पीबॉडी महाविद्यालयातून तेथील विद्यार्थ्यांना धीर देणारे एक पत्र ई-मेलने गेले. भाषा शुद्ध, मजकूर नेटका. शेवटी मात्र कंसात एक ओळ होती : हा मजकूर चॅटजीपीटीच्या साहाय्याने तयार केला आहे!

विद्यार्थी संतापले. कार्यालयाला क्षमा मागावी लागली आणि दोन अधिकाऱ्यांना काही काळ पदापासून दूर व्हावे लागले. शिवाय पत्रात एक चूकही होती. गोळीबाराची घटना एकच घडली होती. पत्रात ‘घटना’ अनेकवचनी होत्या.

हे समजण्यासाठी एक वाक्य अर्धवट सोडतो : ‘परीक्षेचे अर्ज भरण्याची अंतिम...’ तुम्ही चटकन ‘तारीख’ म्हणाल. चॅटजीपीटीसारखे यंत्र हेच करते. प्रचंड मजकुरावर आकडेमोड करून, कोणत्या शब्दांमागून कोणता शब्द येण्याची संभाव्यता किती, हे ते शिकलेले असते. (काटेकोरपणे बोलायचे तर शब्दांचे तुकडे.) एकेक तुकडा निवडत ते वाक्य पुरे करते.

आता पुढे जा. कोणती तारीख? येथे तुम्ही थांबाल आणि सूचनाफलक पाहून याल. यंत्र थांबेलच असे नाही. या जागी तारखेसारखे काहीतरी यावे हे त्याला ठाऊक असते. पण मूळ परिपत्रक त्याच्यापुढे नसेल, तर खरी तारीख त्याला कळणार कशी? तरीही वाक्य तितकेच ठाम उमटते. परिपत्रक दिले तरी चूक होऊ शकते.

विद्यापीठाच्या कचेरीत कागदांचा डोंगर असतो. लांबलचक परिपत्रकाची छोटी सूचना करणे, सभेच्या टिपणांवरून इतिवृत्ताचा कच्चा मसुदा काढणे, अशा कामांत या यंत्राची मदत नाकारणे हा मला निव्वळ हट्ट वाटतो. मात्र तारीख, रक्कम, नाव आणि नियमाचा क्रमांक मूळ कागदाशी ताडून पाहायचा, तो सही करणाऱ्यानेच.

फी-सवलतीच्या अर्जाची गोष्ट वेगळी. त्यात वडिलांचे उत्पन्न असते, कधी घरातले आजारपण असते. तो बाहेरच्या सेवेत जसाच्या तसा चिकटवला, की कागद कचेरीबाहेर गेलाच. भारतात २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला; पण कायदा नसतानाही कोणी शहाणा कारकून असा अर्ज चहाच्या टपरीवर ठेवून येत नसे.

पीबॉडीच्या पत्रातील ती ओळ प्रामाणिक होती, हे मान्य केले पाहिजे. वेळापत्रकाच्या सूचनेखाली ती असती तर बहुधा कोणी चिडले नसते. शोकपत्र वाचणाऱ्याला मात्र आपल्यासाठी कोणीतरी बसून विचार केला आहे, एवढेच हवे होते.

शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग करून पाहावा. वरचे अर्धे वाक्य फळ्यावर लिहून प्रत्येकाला पुढचा शब्द चिठ्ठीवर लिहायला सांगा. मग दुसरी चिठ्ठी द्या, त्यावर ती तारीख लिहायला सांगा आणि किती चिठ्ठ्या कोऱ्या परत येतात ते मोजा.