चार खटके, आठ दिशा

१९९१ साली जपानच्या कॅपकॉम कंपनीने ‘स्ट्रीट फायटर २’ हा द्वंद्वखेळ आणला. नाणे टाकून उभ्याने खेळायच्या त्या यंत्राची मेजावर मावणारी प्रतिकृती हौशी कारागीर आज घरीच प्लायवूडमध्ये उभारतात. पडदा व छोटा संगणक जोडणे त्यामानाने सोपे. खरी कसोटी दांड्याची. त्याच्या तळाशी खटके चारच, दिशा मात्र आठ! तिरक्या दिशेसाठी शेजारचे दोन खटके एकाच वेळी दाबले जावे लागतात. ‘खाली, तिरके, पुढे’ आणि लगेच ठोशाचे बटण, हा क्रम साधला तरच र्‍यू या योद्ध्याच्या हातून ऊर्जेचा गोळा सुटतो. दांडा सैल बसला, की मधली तिरकी दिशा निसटते व नुसताच ठोसा पडतो. पेटीच्या तळाला रबर हवे, हे मात्र पुष्कळांना पहिल्या सामन्यात पेटी सरकल्यावरच सुचते.