भुयारी रेल्वेने आणि पायी : बाबासाहेबांची मुंबई

दरवर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आष्टा व परिसरातून अनेक बंधू-भगिनी मुंबईला जातात. दादरला उतरायचे, रांगेत उभे राहायचे, चैत्यभूमीचे दर्शन घ्यायचे, शिवाजी पार्कवर पुस्तके व दिनदर्शिका विकत घ्यायच्या आणि रात्रीच्या गाडीने परत यायचे, असा हा रिवाज आहे. तो चांगलाच आहे. प्रस्तुत लेखकही पंधरा-सोळा वेळा याच पद्धतीने जाऊन आला. परंतु गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, बाबासाहेब मुंबईत राहायचे म्हणजे नेमके कुठे राहायचे? शाळा कुठली?" मी पुस्तकातले उत्तर दिले. पाहिलेले काहीच नव्हते. म्हणून गर्दीचे दिवस सोडून चार विद्यार्थ्यांसह मुद्दाम जाऊन आलो. ते ज्यांना जायचे आहे त्यांच्या उपयोगी पडावे, म्हणून येथे लिहीत आहे.

आष्ट्याहून एस.टी.ने सांगली आणि सांगलीहून रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस, हा आपला नेहमीचा रस्ता. कराडच्या पुढे ही गाडी मसूर स्टेशनवरून जाते. बाल भीमराव साताऱ्याच्या शाळेत होते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचे नाव तेथे दाखल झाले. पुढच्याच वर्षी वडिलांना भेटायला निघालेली ही मुले मसूरला उतरली. न्यायला कोणी आले नव्हते आणि जात कळताच एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकून त्यांना प्रवास करावा लागला. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. सातारा सोडून हे कुटुंब १९०४ मध्ये मुंबईला गेले. आपण ज्या मार्गाने जातो तोच हा मार्ग आहे, हे विद्यार्थ्यांना गाडीत बसण्यापूर्वीच सांगावे. मसूर येते तेव्हा निम्मी मुले झोपलेली असतात.

आता मुंबईत फिरण्याची सोय पूर्वीपेक्षा पुष्कळ बदलली आहे. कफ परेडपासून आरेपर्यंत ३३.५ किलोमीटर लांबीची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. तिची २७ स्थानके असून आरेचे एक सोडले तर बाकीची २६ जमिनीखाली आहेत. या कामासाठी जपानच्या आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्थेने कर्ज दिले आहे. जपानी लोकांना या गोष्टीचा अनुभव जुना आहे. आशियातली पहिली प्रवासी भुयारी रेल्वे डिसेंबर १९२७ मध्ये टोकियोत धावली, ती उएनो ते असाकुसा अशी जेमतेम सव्वादोन किलोमीटर. असाकुसा येथे अवलोकितेश्वराचे मंदिर आहे, जपानी लोक त्याला कान्नोन म्हणतात. नागोया शहरातही काकुओझान नावाच्या भुयारी स्थानकावर उतरून थोडे चालले की निट्टाइजी हे विहार लागते. पिप्रहवा येथे सापडलेल्या बुद्धधातूंपैकी काही भाग सयामच्या राजाने १९०० साली जपानला दिला, तो तेथे जपून ठेवला आहे. भुयारातून जावे, वर यावे, थोडे चालावे आणि पाहावे, असे हे फिरणे असते. मुंबईतही आता तसेच करता येते.

भुयारी गाडीची पद्धत लोकलपेक्षा वेगळी आहे. तिकिटावर चौकोनी ठिपक्यांची खूण असते. ती फाटकाच्या यंत्रावर धरली की फाटक उघडते. बाहेर पडतानाही तेच तिकीट लागते, तेव्हा ते चुरगाळून टाकू नये. आमच्यापैकी एकाने टाकले होते आणि सगळ्यांना खोळंबावे लागले! फलाटाच्या कडेला काचेची भिंत असते. गाडी थांबल्यावरच तिचे दरवाजे उघडतात, त्यामुळे लोकलसारखे लोंबकळण्याचा प्रश्नच येत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये भाडे १० रुपयांपासून ७० रुपयांपर्यंत होते. आपले टप्पे लहान असल्याने दिवसभराचा मेट्रोखर्च माणशी शंभराच्या आत राहतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे बाहेर पडायचे दार. जमिनीखाली गेल्यावर पूर्व-पश्चिम समजत नाही. एका स्थानकाला तीन-चार दारे असतात आणि ती रस्त्याच्या वेगवेगळ्या बाजूंना, कधी दूरवर उघडतात. आम्ही एकदा घाईने दिसेल त्या जिन्याने वर आलो आणि वीस मिनिटे उलटे चाललो. फाटकाजवळ लावलेला नकाशा आधी वाचावा, दाराचे चिन्ह लक्षात ठेवावे आणि मगच वर यावे. हे काम विद्यार्थ्यांवरच सोपवावे. चुकले तरी चालेल.

सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरल्यावर पहिला भाग पायीच करावा. महापालिकेच्या इमारतीवरून आझाद मैदानाच्या कडेने गेले की दहा-बारा मिनिटांत एल्फिन्स्टन हायस्कूल लागते. परळच्या चाळीतल्या एका खोलीत राहणारा मुलगा येथे शिकला आणि १९०७ मध्ये मॅट्रिक झाला. संस्कृत शिकण्याची त्यांची इच्छा होती, पण ते शिकू दिले गेले नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली. फळ्यावर गणित सोडवायला त्यांना बोलावले तेव्हा फळ्यामागे ठेवलेले जेवणाचे डबे मुलांनी धावत जाऊन बाजूला घेतले, असे चरित्रकार सांगतात. इमारत बाहेरूनच पाहावी, शाळेच्या वेळेत आत गर्दी करू नये.

तेथून परत फिरून दादाभाई नौरोजी मार्गाला लागावे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना ८ जुलै १९४५ ची आणि सिद्धार्थ महाविद्यालय २० जून १९४६ चे. पुढे संस्थेने या मार्गावर इमारती घेतल्या आणि त्यांना बुद्ध भवन व आनंद भवन अशी नावे दिली. ज्यांना एका शाळेत पाण्याच्या भांड्याला हात लावता येत नव्हता, त्यांनी शहराच्या ऐन व्यापारी भागात कॉलेज उभे केले. आमच्याबरोबरची मुले या पाटीखाली बराच वेळ उभी होती.

फोर्ट भागात आणखी एक ठिकाण आहे, ते बहुतेकांना माहीत नसते. हॉर्निमन सर्कलसमोर १८३३ साली खुला झालेला टाउन हॉल आहे, त्यात एशियाटिक सोसायटी आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये नालासोपाऱ्याचा स्तूप खणला. त्यात दगडी पेटी आणि तिच्यात एकात एक ठेवलेले तांबे, चांदी, पाषाण, स्फटिक व सोने यांचे करंडक सापडले. भोवती आठ लहान बुद्धमूर्ती होत्या आणि सर्वांत आत भिक्षापात्राचे तेरा तुकडे. हा ठेवा या सोसायटीकडे आहे. तो नेहमी मांडलेला नसतो, म्हणून आधी पत्र पाठवून विचारावे. सोपाऱ्यात मिळालेल्या अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा मात्र जवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. त्याच्या समोरच्या बाजूस एल्फिन्स्टन कॉलेजची इमारत आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या दरमहा २५ रुपयांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब या कॉलेजातून १९१२ मध्ये बी.ए. झाले. उच्च न्यायालयातली त्यांची वकिली १९२३ नंतरची. ती इमारतही याच वाटेवर दिसते.

हुतात्मा चौक स्थानकात खाली उतरून आरेकडे जाणारी गाडी घ्यावी. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, काळबादेवी आणि मग गिरगाव. गिरगावला वर येऊन समुद्राच्या दिशेने चालत गेले की चर्नी रोड रेल्वे स्टेशनजवळ एक बाग आहे. आज तिला स. का. पाटील उद्यान म्हणतात. मला विचाराल तर सबंध मुंबईत हीच जागा प्रथम दाखवावी. शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत येऊन वाचत बसत. विल्सन हायस्कूलचे शिक्षक व लेखक कृष्णाजी अर्जुन केळुसकर हेही तेथे येत. एकटा बसून वाचणारा हा मुलगा कोण, म्हणून त्यांनी चौकशी केली आणि स्नेह जमला. परीक्षा उत्तीर्ण झाल्याबद्दल वस्तीने सत्कार केला तेव्हा केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. त्या पुस्तकाने आपण भारावून गेलो, असे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या आपल्या प्रस्तावनेत म्हटले आहे. १९५६ च्या नागपूरकडे जाणाऱ्या वाटेचे एक टोक असे या बागेत आहे. आम्ही गेलो तेव्हा दोन म्हातारे वर्तमानपत्र वाचत होते आणि एक मुलगा बाकावर झोपला होता. घरात जागा नाही म्हणून बागेत अभ्यास करणारी मुले आपल्या आष्ट्यातही आहेत. त्यांच्यापैकी एक आमच्याबरोबरच होता. त्याने पिशवीतून पुस्तक काढले आणि अर्धा तास तेथून हलायलाच तयार नव्हता.

गिरगावहून पुढे पाचवे स्थानक आचार्य अत्रे चौक, म्हणजे वरळी नाका. येथे जवळच डॉ. ॲनी बेझंट रस्त्यावर जपानी बुद्धमंदिर आहे. फुजी गुरुजी १९३१ मध्ये भारतात आले, त्यांच्या निप्पोनझान म्योहोजी संघाचे हे मंदिर असून त्यासाठी जुगलकिशोर बिर्ला यांनी देणगी दिली. येथे हातातल्या पंख्यासारख्या चपट्या ढोलावर ठेका धरून सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या नावाचा जप चालतो. आपल्या त्रिसरणाची सवय असलेल्यांना प्रथम चमत्कारिक वाटेल. पण बुद्धाच्या नावाने जगात किती प्रकारे एकत्र बसतात हे पाहण्यासारखे आहे.

तेथून तिसरे स्थानक दादर. शिवाजी पार्कच्या बाजूने चालत चैत्यभूमीला जावे. ७ डिसेंबर १९५६ रोजी जेथे अंत्यसंस्कार झाले तेथे हा स्तूप आहे. त्याचे उद्घाटन ५ डिसेंबर १९७१ रोजी मीराताई आंबेडकरांच्या हस्ते झाले. गर्दी नसताना सांचीच्या धर्तीवरच्या तोरणावरचे कोरीवकाम शांतपणे पाहता येते. एवढ्या वेळा जाऊन मी ते कधी पाहिलेच नव्हते.

राजगृह दादरलाच, पण पूर्वेला हिंदू कॉलनीत आहे. पुस्तकांसाठी बांधलेले घर म्हणून त्याची ख्याती आहे. माता रमाईंचे निधन २७ मे १९३५ रोजी याच घरात झाले. त्याआधीची बावीस वर्षे, १९१२ ते १९३४, परळच्या बी.आय.टी. चाळ क्रमांक १ मधील ५० व ५१ या दोन खोल्यांतली. दादरहून लोकलने एकच स्टेशन. अमेरिकेला जाणे, महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषद, हे सगळे या दोन खोल्यांत राहत असतानाचे. कोल्हापूरचे शाहू महाराज त्यांना भेटायला याच चाळीत आले होते. राजवाड्यातला माणूस तो जिना चढून गेला, हे लक्षात घेऊन तो जिना पाहावा. चाळीत लोक राहतात. चपला वाजवत, फोटो काढत फिरू नये आणि दहा जणांपेक्षा जास्त एकदम नेऊ नये.

एका दिवसात एवढे होते, मात्र वृद्धांना झेपणार नाही. त्यांच्यासाठी फोर्ट वगळून गिरगाव, वरळी आणि दादर एवढेच ठेवावे. दुसरा दिवस मिळाला तर अंधेरी पूर्वेची महाकाली लेणी, म्हणजे कोंडिविटे, पाहावी. मेट्रोने सीप्झला उतरून पुढे रिक्षाने जावे. तेथील चैत्यगृहात स्तूपाभोवती दगडात कोरलेली गोल, जाळीदार खिडक्यांची झोपडी आहे. आपल्या कराडजवळची आगाशिवची लेणी पाहिलेल्यांना हा फरक लगेच कळेल. कान्हेरी त्याच फेरीत कोंबू नये. तिला पूर्ण दिवस लागतो आणि सोमवारी ती बंद असते.

परतीची महालक्ष्मी दादरलाही थांबते, त्यामुळे सीएसएमटीला पुन्हा जाण्याची गरज नाही. परळहून सात वाजेपर्यंत दादरला यावे, डबे स्टेशनबाहेरच खाऊन घ्यावेत आणि तिकिटे एकाच्या हाती ठेवावीत. आम्ही मेट्रोची जुनी तिकिटे मुलांना परत दिली. त्यांतली दोन आज त्यांच्या वह्यांत चिकटवलेली आहेत आणि खाली स्थानकांची नावे लिहिलेली आहेत.