मज्जेतील शिबंदी

भोर आणि वेल्हे या दोन भागांचा पुष्कळसा मुलूख ज्या काळी पंत सचिवांच्या संस्थानात मोडत होता, त्या काळी जन्मलेली जी म्हातारी माणसे आजही भातलावणीच्या दिवसांत खाचरात उतरतात, त्यांच्या हातावर देवी काढल्याचे, म्हणजे देवी या रोगाची लस टोचल्याचे, गोल, किंचित खोलगट वण स्पष्ट दिसतात. देवीचा आपल्या देशातील अखेरचा रुग्ण १९७५ साली आढळला आणि १९८० साली जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली. तथापि, लस टोचून २५ ते ७५ वर्षे लोटलेल्या अमेरिकी नागरिकांची जी पाहणी २००३ साली प्रसिद्ध झाली, तीत बहुतेकांच्या रक्तात देवीविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिने, शाबूत आढळली.

या आश्चर्याचा उलगडा साध्या हिशेबाने होतो. रक्तातील प्रमुख जातीच्या प्रतिपिंडांपैकी निम्मी सुमारे तीन आठवड्यांत नष्ट होतात. तेव्हा बालपणीचा साठा आजतागायत पुरणे सर्वथा अशक्य असून, आज जे सापडते ते नुकतेच घडविलेले असले पाहिजे.

ते घडवितात प्लाझ्मा पेशी. लशीनंतर लसीका ग्रंथींत निर्माण होणाऱ्या या पेशींपैकी बहुतेक अल्पावधीत मरतात. मोजक्या मात्र कंबरेचे हाड, मणके, बरगड्या यांतील तांबड्या अस्थिमज्जेत येऊन स्थिरावतात. सूक्ष्मदर्शकातून पाहिले असता अशा पेशीचे केंद्रक एका कडेला सरकलेले, आणि उरलेली जागा प्रथिने घडविणाऱ्या पटलांनी खच्चून भरलेली दिसते. तिचे विभाजन होत नाही; सेकंदाला हजारो प्रतिपिंडे रक्तात सोडणे, एवढेच तिचे जीवितकार्य. १९९७ साली बर्लिनच्या संशोधकांनी, आणि १९९८ साली मूळचे हैदराबादचे रफी अहमद व त्यांचे सहकारी मार्क स्लिफ्का यांनी, उंदरांवरील प्रयोगांतून या पेशींचे दीर्घायुष्य सिद्ध केले. ज्यांतून नव्या प्लाझ्मा पेशी घडू शकतात त्या स्मृतिपेशींचा नाश केल्यावरही प्लाझ्मा पेशींचे काम बिनदिक्कत चालू राहिले.

परंतु हे दीर्घायुष्य स्वयंभू नव्हे, आणि मला या विषयातील सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते. राजगड-तोरण्यावरील शिबंदी कितीही कडवी असली, तरी खालून रसद आली तरच गड लढे. तद्वत मज्जेतील आधारपेशी सीएक्ससीएल१२ या रेणूच्या योगे प्लाझ्मा पेशींना आपल्याजवळ ओढून धरतात, आणि शेजारच्या पेशींकडून येणारे एप्रिल नावाचे प्रथिन त्यांना मृत्यूपासून परावृत्त करते. तेथून उखडलेली पेशी फार काळ जगत नाही.

लस असो वा प्रत्यक्ष रोग, सर्वच या वस्तीला सारखा टिकाऊपणा देत नाहीत. २००७ च्या एका अभ्यासानुसार गोवराची प्रतिपिंडे जवळजवळ घटतच नाहीत, धनुर्वाताची मात्र सुमारे ११ वर्षांत निम्मी होतात. उलटपक्षी, प्रत्यक्ष गोवर झालेल्या मुलांच्या अन्य रोगांविरुद्धच्या प्रतिपिंडांत ११ ते ७३ टक्के घट झाल्याचे २०१९ साली दिसून आले. म्हणजे एक रोग अनेक रोगांविरुद्धची कमाई लुटून नेतो.

म्हणून भोर-वेल्ह्याच्या या मावळातील आईबापांना कळकळीची विनंती, की मुलाला नवव्या महिन्यानंतर आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान गोवर-रुबेलाची लस सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य अवश्य टोचून घ्यावी. आणि चिखलात, विळ्याकोयत्याशी काम करणाऱ्या प्रौढांनी धनुर्वाताची लस घेऊन दहा वर्षे उलटली असल्यास जखम होण्याची वाट न पाहता डॉक्टरांना विचारून ती पुन्हा घ्यावी.